बारुदकाकांचा अँटेना

कोणाच्याही कानाखाली वाजवण्याआधी बारुदकाका तीनदा ओरडायचे. पहिल्यांदा "हट जा!", दुसऱ्यांदा "हट जा रे!" आणि तिसऱ्यांदा नुसतं "हट!" एवढं होऊनही जो समोर उभा राहील, त्याच्या गालाची जबाबदारी मग काकांवर नसे. पाण्याचा टँकर आडवा लावणारा ड्रायव्हर असो, नाही तर फाटकाशी पानाची पिचकारी मारणारा पाहुणा असो, नियम सगळ्यांना सारखा. आमच्या इमारतीत पहिल्या हाकेला खिडक्या उघडायच्या आणि दुसऱ्या हाकेला दारं लागायची. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र एकदा तिसऱ्या हाकेपर्यंत थांबले. त्यांना वाटलं, म्हातारा तोंडाचाच फटकळ आहे. त्यानंतर बरेच दिवस ते मऊ खिचडीवर होते.

हे ओरडणं काकांनी खाणीतून आणलं होतं. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांची उभी हयात बारुद लावण्यात गेली. कोळशाच्या भिंतीत भोकं पाडायची, त्यांत बारुद ठासायचा, मातीनं तोंडं बुजवायची आणि बत्ती देण्याआधी तीनदा हाक घालायची. स्फोट झाला की धुरळा बसेपर्यंत जागचं हलायचं नाही. धुरळा बसला की ज्यानं बारुद लावला त्यानंच आधी आत जायचं आणि वरचं छत सैल झालंय का ते ठोकून पाहायचं. निवृत्त होताना काका कान खाणीतच ठेवून आले, पण हा रिवाज त्यांनी फ्लॅटमध्ये आणला. थप्पड मारून झाली की ते जिन्याच्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसत. तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही. मग उठत, मार खाल्लेल्या माणसाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे फिरवत आणि विचारत, "दात हालून राहिला का गा? थुक बरं. रक्त आहे काय?" माणूस मुकाट्यानं थुंके, काका वाकून पाहत आणि समाधानानं घरात जात.

"मले असा एक मानूस दाखव," ते छातीवर हात आपटून म्हणत, "ज्याले मी आवाज न देता मारलं."

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले ती नवऱ्याचं घर सोडून. धरमपेठेतल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. लढाया आणि कत्तली फळ्यावर लिहून लिहून माझा आवाज मोठा झाला आहे आणि जीभही काही गोड नाही. काकांना तेच आवडलं असावं. आल्या-आल्या त्यांनी माझ्या दारात उभं राहून विचारलं, "नवऱ्याले काहून सोडलं वं?" असं कोणी विचारलं की मी दार लावून घेते. त्या दिवशी का कोण जाणे, सांगून टाकलं. मारायचा म्हणून.

"आधी आवाज देत होता का?"

"नाही."

"मंग तो मानूसच नाही."

मी भडकले. "आणि आवाज देऊन मारलं असतं तर चाललं असतं का, काका?"

त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून हा प्रश्न मी दोनदा विचारला, दुसऱ्यांदा खालच्या मजल्यालाही कळेल इतक्या मोठ्यानं. ते म्हणाले, "नाही चालत." आणि डाव्या भुवईवरची जुनी खोक बोटानं दाखवली. "लग्न झालं तवा एकदा हिच्यावर हात उचलला होता मी. आवाज न देता. हिनं मुसळ हानलं. तवापासून बाहेर आवाज देतो, आन् घरात हात उचलत नाही." त्यांच्या घरातून "हं" असा एक आवाज आला. काकू ऐकत होत्या.

काकूंकडे तेव्हा तेवढा एक "हं"च उरला होता. लकव्यानं उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. कुहीकडच्या धानाच्या गावातली, उभ्या पावसात चिखलात रोपांची रोवणी केलेली ही बाई दिवसभर छताकडे पाहत पडून असायची. संध्याकाळी सरकारी चॅनलवर अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम लागे. त्याची वेळ झाली की त्या "हं" करायच्या. पडद्यावर धानाचे बांध दिसले की डावा हात पांघरुणाबाहेर यायचा. कोट घातलेला तज्ज्ञ रोपांत अंतर किती ठेवायचं ते सांगायला लागला की तोच हात असा उडायचा, की तो समोर असता तर त्याचा चष्मा गेला असता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे हलतंय ते हलू द्या. तो अर्धा तास काका त्यांच्या पायांशी स्टुलावर गप्प बसायचे. दिवसभरात ते गप्प असलेले एवढेच. हा अर्धा तास टिकवण्यासाठी त्यांनी पुढे जे केलं, ते मला सांगायचं आहे.

आमच्या भागातला केबलवाला म्हणजे बंटी. गळ्यात साखळी आणि मागे मोटारसायकलींवर पोरं. दुसऱ्या कोणाची वायर या भागात आली तर ती कापलेली सापडायची आणि टाकणाऱ्याचं नाक फुटलेलं. एके दिवशी बंटीचा एक पोरगा वायर पाहायला म्हणून बेल न वाजवता काकांच्या घरात घुसला. काका काकूंचं अंग पुसत होते, काकूंच्या अंगावर धड कपडा नव्हता. पोरगा बुटासकट पलंगावर पाय देऊन भिंतीवरची वायर ओढायला लागला. काका नियमाप्रमाणे तीनदा ओरडले. पोरगा हसला. मग तो आमचा जिना उतरला, अर्ध्या पायऱ्या पायांनी आणि उरलेल्या पाठीनं.

त्याच दिवशी काकांची केबल कापली गेली. बंटी खाली उभा राहून साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "इस बिल्डिंग में कोई डिश लगा के तो दिखाए." तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला वाटलं, आपलं काय त्यात. त्यानं गच्चीवर डिश बसवली. ती दुसऱ्या दिवशी गच्चीवरून खाली आली, नेमकी त्याच्याच स्कूटरवर. तो जाब विचारायला गेला आणि परत आला तेव्हा त्याचे पुढचे दात त्याच्या मुठीत होते. तक्रार कर म्हटलं, तर त्यानं सामान बांधलं.

काकू रोज वेळ झाली की "हं" करायच्या आणि काळ्या पडद्याकडे पाहत राहायच्या. काही दिवसांनी डावा हातही पांघरुणाबाहेर येईना. बंटीकडे जाऊन माफी मागून टाका, असं सेक्रेटरींनी सुचवलं. काकांनी पहिली हाक दिली. सेक्रेटरी या खेपेला लगेच गेले.

"गच्चीवर लावलं तं तोडतील," काका मला म्हणाले. "मी घराच्या अंदर लावतो. मंग पाह्यतो कोन अंदर येते."

टेकडीवरच्या सरकारी टॉवरवरून तेव्हा अजून चित्र यायचं. आता तेही बंद झालं. घरात अँटेना लावला की सरकारी चॅनल फुकट दिसतं, एवढं आम्हा दोघांना ठाऊक होतं. कोणता अँटेना घ्यायचा, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. सीताबर्डीच्या गल्लीतल्या दुकानदारानं विचारलं, टॉवर घराच्या कोणत्या अंगाला आहे, मध्ये उंच इमारत आहे का, खिडकी कुठे उघडते. काकांना यातलं काही ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांचा निकाल ठरलेला होता. "सगळ्यात मजबूत दे." जाड दांड्यांचा, लोखंडी बुडाचा, अंगावर आलेलं कुत्रं हाकलता येईल असा अँटेना घेऊन ते आले. टीव्हीवर ठेवला. पडदाभर मुंग्या. काकांनी टीव्हीला तीनदा आवाज दिला आणि मग एक ठेवून दिली. मुंग्या क्षणभर पांगल्या आणि परत आल्या.

दुसरा गोल कड्याचा आणला. तो लोखंडी कपाटावर ठेवला, फ्रिजवर ठेवला, काकूंच्या उशाशी ठेवला. चिडून काकांनी ते कडं हातांनी सरळ केलं आणि मग तो अँटेना राहिलाच नाही. तिसरा विजेवर चालणारा होता, ताकद वाढवणारा. त्यावर काकांचा फार भरवसा. त्यानं मुंग्यांचीच ताकद वाढवली, पडद्यावर मुंगळे झाले. तो त्यांनी गॅलरीतून फेकला, अर्थात आधी तीनदा ओरडून. खालचे लोक शहाणे होते. चौथा पुठ्ठ्यासारखा चपटा, भिंतीला चिकटवायचा. त्यावर कोणाचं तरी अर्धं तोंड दिसलं आणि गेलं. काका हात उगारून त्याच्यापुढे उभे राहिले आणि हताश होऊन म्हणाले, "याले मारू कुठं? याले गालच नाही."

त्या दिवशी मी ओरडले. "काका, तुम्ही अँटेना निवडताय की कुस्तीला पैलवान? तो काही ओढून आणत नाही, तो नुसता ऐकतो. टॉवर तिकडे बोलतोय आणि तुम्ही याला बहिऱ्या भिंतीसमोर बसवलंय!"

बहिऱ्या हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पण त्यांना राग आला नाही. "मंग जिथं ऐकू येते तिथं बसव ना वं," ते म्हणाले.

काकांच्या खिडकीपुढे नवी उंच इमारत उभी राहिली होती. टेकडी दिसायची ती माझ्या स्वयंपाकघरातून. दुकानात सगळ्यात खाली धूळ खात पडलेला, दोन बारीक दांड्यांचा साधा अँटेना मी आणला आणि ओट्यावरच्या खिडकीत ठेवला. तार माझ्या दारावरून निघाली, पॅसेज ओलांडून काकांच्या दारावरून आत गेली. थोड्या वेळानं समोरून डरकाळी आली, "कोट दिसला! कोटवाला दिसला वं!"

अडचण एकच. मी ओट्यापासून हलले की चित्र हलायचं. का ते देव जाणे, पण गॅसच्या डाव्या अंगाला उभी राहिले की चित्र स्वच्छ. म्हणून मी तो अर्धा तास पोळ्यांसाठी ठेवला.

"हालू नको वं!" काका ओरडायचे.

"पोळी जळतेय!"

"जळू दे! रोवणी चालू आहे!"

माझं वय, माझी नोकरी, माझा ताठा सगळं त्या ओट्याशी बांधलं गेलं होतं. चिडायची मी, भांडी आपटायची. पण नवऱ्याच्या घरी जीव मुठीत धरून पोळ्या लाटल्या होत्या, इथे कोणाच्या तरी डाव्या हातासाठी लाटत होते. तो हात पुन्हा उडायला लागला होता. मला ते फार आवडायचं.

पण तार पॅसेजमधून जात होती आणि पॅसेज सगळ्यांचा असतो. कोणीतरी बंटीला सांगितलं. त्याची चौघं पोरं आली ती कार्यक्रम चालू असताना, एकाच्या हातात लोखंडी पाइप. माझं दार उघडंच होतं, ओट्यापासून सगळं दिसत होतं. काका बाहेर आले. काकूंना दिसू नये म्हणून त्यांनी आपल्या दाराला बाहेरून कडी लावली आणि तारेखाली उभे राहिले.

"हट जा!"

"अबे बुढ्ढे, तू हट," एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

"हट जा रे!"

तिसऱ्या हाकेसाठी त्यांनी तोंड उघडलं आणि पाइप डोक्यावर बसला. फरशीवर नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. काका गुडघ्यांवर आले. रक्त कानामागून सदऱ्यात उतरायला लागलं. दुसऱ्या पोरानं तारेला हात घातला. काकांनी गुडघ्यांवरूनच तिसरी हाक पुरी केली, "हट!" आणि मग ते उठले. पाइपवाल्याचं मनगट धरून त्यांनी चौकटीवर आपटलं तेव्हा त्याचा हात नको तिथे वाकलेला मला दिसला. तारवाल्याच्या नाकावर त्यांनी आपलं फुटलेलं डोकं मारलं. तो पडला तो तार घेऊनच पडला. भिंतीवर रक्त उडालं, कोणाचं ते सांगता येणार नाही.

तेवढ्यात तिसरा माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि त्यानं खिडकीतला अँटेना ओढून पायाखाली घेतला. मी गॅसवरचा तवा उचलला, पोळीसकट. मी काही ओरडले नाही. तवा त्याच्या कानशिलावर बसला आणि घरभर जळक्या कातडीचा वास सुटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं अडकून पडलेला हात मोकळा झाल्यासारखं वाटलं. तो किंचाळत बाहेर धावला. चौथा आधीच पळाला होता.

मी पॅसेजमध्ये आले तर काका पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. धुरळा बसायची वाट पाहत होते. मी काही बोलायला गेले तर त्यांनी बोट वर केलं. थोड्या वेळानं भिंतीचा आधार घेऊन उठले, मोडक्या हाताच्या पोराजवळ गेले आणि म्हणाले, "बोटं हालवून दाखव बरं." पोरानं बोटं हलवली. काकांनी मान डोलावली आणि त्याच्याच अंगावर कोसळले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "चित्र येते का?"

"येतं," मी सांगितलं. तार जोडली होती, तसलाच अँटेना पुन्हा आणून या खेपेला खिडकीच्या जाळीबाहेर घट्ट बांधला होता. आता मी हलले तरी चित्र हलत नव्हतं. त्यांची मुलगी आणि जावई सावनेरहून आले होते, मुलगी काकूंजवळ होती.

काका समाधान पावले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "तू त्या पोट्ट्याले तवा हानला म्हने."

"हो."

"आवाज दिला होता?"

"नाही दिला."

"काहून नाही दिला? आपन गुंड आहो का?"

वॉर्डातले लोक पाहायला लागले. माझाही पारा चढला. "तुम्ही आवाज देत बसलात म्हणूनच डोकं फुटलं तुमचं! न ओरडता मारलं असतंत तर आज घरी असता!"

"फुटू दे," ते म्हणाले. "मी त्याले जायाची सोय ठेवली होती. तो नाही गेला." आणि माझ्याकडे पाठ करून झोपले.

मनातल्या मनात मी त्यांच्याशी अजून भांडते. सोय ठेवून काय मिळालं, विचारते. पुढच्या दोन-तीन दिवसांत डोक्यात रक्त साकळलं आणि ते भांडण अर्धंच राहिलं. त्या पोरांवर केस चालू आहे. बंटी बाहेर आहे.

काकांचा देह घरी आणला. खाणीतले म्हातारे सोबती आले, खोकत खोकत जिना चढले. तिरडी बांधून होता होता संध्याकाळ झाली आणि आतून "हं" आलं. बाया गलबलल्या, म्हणाल्या, आता कंठ फुटला बिचारीला. पण काकूंचा डावा हात टीव्हीकडे होता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टीव्ही लावला.

"मयताच्या घरी टीव्ही?" कोणीतरी म्हणालं.

"याच अर्ध्या तासासाठी गेला तो माणूस," मी म्हणाले. "ज्याला बघवत नाही त्यानं खाली जाऊन उभं राहावं." बोलले ते उद्धट होतं. कोणी खाली गेलं नाही. काकूंचे डोळे वाहत होते, पण नजर पडद्यावर होती. काकांनी डोकं फोडून मिळवलेलं त्यांना वाया घालवायचं नव्हतं, असं मला वाटलं.

तिरडी दाराबाहेर आली आणि तार आडवी आली. मी बांधलेली तार, सैल पडून झोळ आलेली. जावई म्हणाला, "काढून घ्या ते, मागून जोडता येते." त्याचं काही चुकलं नव्हतं. एक जण पकड घेऊन पुढे झाला. मी तारेखाली जाऊन उभी राहिले आणि काय बोलले ते मला आठवत नाही. शिव्याच असाव्यात, कारण मुलगी मध्ये पडली.

"राहू द्या ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आई पाहून राहिली आहे. बाबाले खालून घ्या."

खाणीतल्या म्हाताऱ्यांनी तिरडी खांद्यांवरून उतरवून हातांवर घेतली आणि गुडघ्यांत वाकले. त्यांना सवय होती, खाणीत ताठ चालायला जागा नसते. एकेक पाऊल सरकवत त्यांनी काकांना तारेखालून पलीकडे नेलं आणि जिन्याशी पुन्हा खांद्यांवर घेतलं. मी दोन्ही हातांनी तार वर धरून तिथेच उभी राहिले. आत काकूंचा कार्यक्रम चालू होता.